चांदवडच्या दृढप्रहाराची गोष्ट लिहून ठेवणारा साधू

मध्ययुगीन युरोपचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो मठांतून. इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स मठातला बेनेडिक्टाइन साधू मॅथ्यू पॅरिस १२५९ च्या सुमारास वारला, पण त्याची बखर आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. आपल्याकडे असा कोणी होता का?

होता! जैन आचार्य जिनप्रभसूरी.

खरतर गच्छ या जैन साधुपरंपरेतले हे साधू पायी गावोगाव हिंडले आणि त्या त्या तीर्थाची हकीकत संस्कृत-प्राकृतात लिहीत गेले. 'विविधतीर्थकल्प' हा त्यांचा ग्रंथ १३३३ च्या सुमारास पुरा झाला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्यांचा मान राखला. पुढे काही काळ ते दौलताबादेत राहिले. पैठण आणि नाशिक या दोन्ही गावांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरणं लिहिली आहेत.

चांदवडकरांसाठी खरा ऐवज नाशिकच्या प्रकरणात आहे. द्वारका नष्ट होताना वाचलेल्या एका गरोदर स्त्रीच्या पोटी दृढप्रहार जन्मला, गुरं पळवणाऱ्या चोरांशी तो एकटा लढला आणि लोकांनी त्याला नगररक्षक नेमलं, असं जिनप्रभ सांगतात. हाच दृढप्रहार देवगिरीच्या यादवांचा मूळपुरुष. त्याची राजधानी चंद्रादित्यपूर, म्हणजे आपलं चांदवड, असं अनेक इतिहासकार मानतात.

द्वारकेचा भाग अर्थातच दंतकथा. पण चोरांपासून गाव राखणारा माणूस राजा होतो, हे अगदी पटण्यासारखं आहे. दृढप्रहार नवव्या शतकातला, म्हणजे जिनप्रभांनी लिहिलं ते जवळपास पाचशे वर्षांनी. तोवर यादवांचं राज्यही बुडालं होतं.

मुनी जिनविजय यांनी संपादित केलेली 'विविधतीर्थकल्पा'ची आवृत्ती १९३४ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली. चांदवडच्या शाळांनी त्यातलं नाशिकचं प्रकरण मुलांना जरूर वाचून दाखवावं.