दारातून परत फिरलेला फौजदार

टाइपरायटरच्या जमान्यातली गोष्ट. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक ही शाळेपासूनची अमेरिकन मित्रजोडी एक रहस्यनाटक लिहीत होती. पोलीस अधिकारी संशयिताकडे येतो, चार प्रश्न विचारतो आणि निघून जातो, असा प्रसंग होता. लिहून झाल्यावर लक्षात आलं की प्रसंग फारच आखूड झालाय. आता सगळं नव्यानं टाइप कोण करणार? दोघांनाही कंटाळा आला. मग त्यांनी दाराबाहेर पडलेल्या अधिकाऱ्यालाच परत आत आणलं. तो वळतो आणि म्हणतो, अहो, एक विचारायचं राहिलंच.

लेखकांच्या आळसातून निघालेली ही लकब त्या अधिकाऱ्याला, म्हणजे पुढे टीव्हीवर गाजलेल्या लेफ्टनंट कोलंबोला, जन्मभर पुरली. पोलीस दाराकडे वळला की गुन्हेगार सुटकेचा श्वास सोडतो, खांदे सैल करतो, आणि नेमक्या त्या क्षणी खरा प्रश्न येतो. म्हणजे विसरभोळेपणा हा कोलंबोचा स्वभाव, तीच त्याची तपासाची पद्धत आणि तेच कथेला पुढे ढकलणारं यंत्र. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात. गुन्हेमालिका लिहिणाऱ्यांना आधी काय ठरवायचं, कथानक की माणूस, हा प्रश्न नेहमी पडतो. इथे तो पडायला जागाच उरली नाही.

पीटर फॉकनं साकारलेला कोलंबो १९६८ च्या एका टीव्हीपटात आला आणि १९७१ पासून त्याची मालिका सुरू झाली. तिचा डाव उलटा होता. बहुतेक रहस्यकथा खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवतात. इथे खून प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत व्हायचा. कोण, कसा, कशासाठी, सगळं उघड. नायक तर अनेकदा पहिली पंधरा मिनिटं फिरकायचाही नाही. ही रीत ब्रिटिश लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन यानं १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात वापरलेली होती, पण टीव्हीवर ती जोखमीचीच. खुनी कळला, मग प्रेक्षकानं पुढचा तासभर बसायचं कशासाठी?

दोन माणसांची जुगलबंदी बघायला. एका बाजूला लॉस एंजेलिसमधला बडा आसामी: सर्जन, वाद्यवृंदाचा संचालक, कलासमीक्षक, बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर. दुसऱ्या बाजूला चुरगळलेला रेनकोट (तो फॉकच्या घरचाच होता), खिळखिळी प्यूजो गाडी आणि तोंडी सतत बायकोच्या गोष्टी. ती बायको या मालिकेत कधी दिसली नाही. समोरचा हुशार माणूस या बावळटाला मनातल्या मनात हसतो, आणि त्या हसण्यातच फसतो.

मालिकेचा पहिला नियमित भाग ‘मर्डर बाय द बुक’. दिग्दर्शक होता तेव्हा विशीत असलेला स्टीव्हन स्पीलबर्ग. त्यात जोडीनं रहस्यकादंबऱ्या लिहिणारे दोन लेखक आहेत. लेव्हिन्सन-लिंक यांना हा विनोद पुरेपूर कळत असणार. खरं लिहितो एकटा जिम. केन नुसता मिरवतो. जिम वेगळा व्हायचं म्हणतो, तेव्हा केन त्याला अतिशय हुशारीनं मारतो. पुढे एक बाई त्याला ब्लॅकमेल करू लागते, तिलाही तो मारतो, पण हा दुसरा खून अगदीच ओबडधोबड. कोलंबोला हाच फरक खटकतो. ज्याला एक प्रकरण धड लिहिता येत नाही, त्याला इतका देखणा खून सुचेल कसा? जिमच्या कागदांत त्या पहिल्या खुनाची कल्पना टिपलेली सापडते. आणि इथे केनला राहवत नाही. ती कल्पना माझीच होती, असं तो ठसक्यात सांगून टाकतो. शिक्षेपेक्षा त्याला श्रेय गेल्याचं दुःख मोठं. या कबुलीला ना मारझोड लागली, ना साक्षीदार. केनच्या जागी दुसरा कोणी असता तर हा शेवट झालाच नसता.

१९७३ च्या ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’मध्ये तर पुरावा खुन्याच्या जिभेवरच आहे. एड्रियन कार्सिनी हा वाइनचा दर्दी. सावत्र भाऊ द्राक्षमळा विकायला निघतो, तेव्हा एड्रियन त्याला जखमी करून तळघरात कोंडतो आणि तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो. भाऊ गुदमरून मरतो. पण नंतर उन्हाची लाट येते आणि त्या बंद तळघरात जपलेल्या मौल्यवान बाटल्या उष्णतेनं बिघडतात. कोलंबो त्यातलीच एक बाटली लंपास करतो आणि एड्रियनलाच जेवणाला बोलावून ती त्याच्यापुढे ठेवतो. एड्रियन घोट घेतो आणि संतापतो. या वाइनला भयंकर उष्णता लागलीय, ही पिण्याच्या लायकीची नाही! ते ओळखू शकणारी तितकी तयार जीभ दुसऱ्या कोणाचीच नव्हती. ज्या दर्दीपणापायी त्यानं खून केला, त्यानंच त्याला पकडून दिलं. अटकेनंतर दोघं गाडीत बसून शांतपणे एक पेला पितात. टीव्हीवर खुनी आणि पोलीस यांच्यात इतका आदर क्वचितच दिसला असेल.

खुनी आधी दाखवून टाकायचा हा डाव मराठी प्रेक्षकांनी अलीकडे वेगळ्याच मातीत पाहिला. ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात २०१६ साली उघडकीला आलेल्या हत्याकांडाची तिला पार्श्वभूमी होती. किरण गायकवाडनं रंगवलेला डॉक्टर अजितकुमार हा तोतया आहे आणि खुनी आहे, हे प्रेक्षकाला पक्कं माहीत. गावाला तेवढं माहीत नाही. इथे कोलंबो नसतो. खुन्याच्या समोर उभं असतं ते अख्खं गाव. अडीअडचणीला धावून येणाऱ्या, गोड बोलणाऱ्या, वेळेला सुई टोचणाऱ्या माणसाला डिग्रीचा कागद कोण मागणार? त्यामुळे कथानकाचा सगळा भार गावाच्या भाबडेपणावर येतो. सरू आजीचं फटकळ तोंड, तिच्या म्हणी, पाटलांच्या घरातली भांडणं हा नुसता विरंगुळा नव्हता. हे घर जितकं खरं वाटेल, तितकी त्या घरात चहा पिणाऱ्या डॉक्टरची धास्ती वाढणार. रोज रात्री भाग दाखवायचा असला की योगायोग ताणावे लागतात, आणि ‘देवमाणूस’मध्येही ते ताणले गेले. पण ‘आता तरी कळेल का यांना’ ही तगमग महिनोन्‌महिने टिकली. खुनी कोण हे लपवून इतके भाग निघाले असते का, याची शंकाच आहे.

खुनी लपवूनही पात्र आणि कथानक एकमेकांत घट्ट विणता येतात. त्यासाठी ब्रिटनची ‘प्राइम सस्पेक्ट’ पाहावी. लिंडा ला प्लान्टचं लेखन, १९९१ साल, आणि मुख्य तपास अधिकारी जेन टेनिसनच्या भूमिकेत हेलन मिरेन. चालू तपासात एक पुरुष अधिकारी हृदयविकारानं मरतो आणि प्रकरण टेनिसनकडे येतं. त्याचे सहकारी तिला बॉस मानायला तयार नसतात. पण हा केवळ बायकांना नोकरीत किती सोसावं लागतं याचा पाठ नाही. टेनिसन फाइल नव्यानं तपासते, तेव्हा उघड होतं की मृत तरुणीची ओळखच चुकलेली आहे, आणि जिचं नाव त्या प्रेताला दिलं गेलं तिच्याशी त्या मेलेल्या अधिकाऱ्याचेच संबंध होते. साहेबाच्या नावाला जपणारे लोक नकळत तपासालाही अडवत असतात. ऑफिसातलं राजकारण आणि खुनाचा तपास इथे एकच गोष्ट होऊन जाते. टेनिसन ‘आपल्यातली’ असती तर तिनं कदाचित ती फाइल तशीच पुढे सरकवली असती.

मग ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेचं काय? जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८, दीड हजाराहून जास्त भाग, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरुवात. तिचे निर्माते बी. पी. सिंग आणि तिच्यात एसीपी प्रद्युमन साकारणारे शिवाजी साटम यांनी त्याआधी मराठीत दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस मालिका गाजवली होती. ‘सीआयडी’चं बी तिथेच रुजलं म्हणायला हरकत नाही. वर सांगितलेलं बारीक विणकाम इथे शोधायला गेलं तर हाती फारसं लागणार नाही. खुनी आणि खून दर आठवड्याला बदलतात, पण ब्यूरो बदलत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांपैकी अभिजीतनं शंका काढायची, डॉक्टर साळुंखेंनी प्रयोगशाळेत उत्तर द्यायचं आणि दयानं दार तोडायचं. पात्रं स्वभावानं कमी आणि कामानं जास्त ओळखली जातात, जत्रेतल्या वगात राजा, प्रधान आणि सोंगाड्या ठरलेले असावेत तशी. जाणकार याला नाकं मुरडतात. पण कड्या-कुलपं लावलेलं प्रत्येक दार दयाची वाट बघत असतं, हे घरातल्या चार वर्षांच्या मुलालाही कळतं, आणि त्या कळण्यातच मजा असते.

अशा साच्यात लेखकांनी मधूनमधून भगदाडंही पाडली. एसीपी प्रद्युमनचा मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि बापाच्याच गोळीनं मरतो, ही त्यातली सर्वांत मोठी घटना. दर आठवड्याला इतरांच्या घरातले खून सोडवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात तेव्हा डोकावायला मिळालं.

एप्रिल २०२५ मध्ये लेखकांनी आणखी धाडस केलं. एका स्फोटात एसीपी प्रद्युमनच मेल्याचं दाखवलं आणि वाहिनीनं समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीही वाहिली. कथानकाच्या हिशेबानं सुडाच्या नव्या पर्वाची ही जोरदार सुरुवात होती. प्रेक्षकांनी मात्र तो मृत्यू मान्यच केला नाही. लोक इतके चिडले की जणू घरातलंच माणूस परस्पर नेलं होतं. पुढे प्रद्युमन पुन्हा ब्यूरोत हजर झाले. हाताची बोटं हवेत फिरवत, काहीतरी गडबड आहे म्हणत.