विरून गेलेल्या जुळ्याचं दुःख कुणाचं?

सुरतेत पर्वत पाटियापासून लिंबायत-उधन्यापर्यंत खानदेशातून येऊन स्थिरावलेली असंख्य मराठी घरं आहेत. तिथे काय किंवा जळगाव-धुळ्यात काय, दिवस राहिल्यावर सोनोग्राफी आता सहाव्या-सातव्या आठवड्यातच होते. त्यामुळे पूर्वी कुणाला कधीच न कळणारी गोष्ट कळू लागली आहे: आधी दोन ठोके दिसतात आणि पुढच्या तपासणीला एकच. जगभरात अंदाजे 12 टक्के गर्भधारणा जुळ्या म्हणून सुरू होतात, पण जुळी म्हणून जन्माला येतात ती 2 टक्क्यांहून कमी. बहुतेक वेळा दुसरा गर्भ पहिल्या तिमाहीतच विरून जातो. पुढे त्या वाचलेल्या मुलाला उगीच एकटं वाटतं, ते कुणाला तरी शोधत राहतं, असं अनेकांना मनापासून वाटतं. माझ्या मते यात दुःख खरं आहे, पण त्याचा पत्ता चुकलेला आहे.

या समजाला बळ मिळालं ते इटलीच्या अलेस्सांद्रा पिओंतेल्ली यांच्या 1992 च्या पुस्तकातल्या एका बालकामुळे. ते अस्वस्थपणे सगळीकडे काहीतरी धुंडाळत असे. त्याचं जुळं भावंड जन्माच्या दोनच आठवडे आधी गेलं होतं. पण ही गोष्ट आईवडिलांना ठाऊक होती. ज्या घरात ते जाणं रोज मनात होतं, तिथे मुलाची अस्वस्थता पोटातून आली की घरातून, हे एका उदाहरणावरून कसं ठरवणार? कुणी म्हणेल, जुळी पोटात एकमेकांना स्पर्श करतात. करतात खरी; 2010 च्या एका इटालियन अभ्यासात चौदाव्या आठवड्यापासून तसे हेतुपूर्वक स्पर्श दिसले. पण तो अभ्यास फक्त पाच जोड्यांचा होता, आणि बहुतेक जुळी त्याआधीच विरतात. संवेदना मेंदूच्या बाह्य थरापर्यंत नेणारे धागे तर चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास जुळतात. त्याआधी आठवण साठवायला जागाच नसते. 2021 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांना एकसारख्या जुळ्यांच्या डीएनएवर आयुष्यभर टिकणाऱ्या रासायनिक खुणा सापडल्या, हेही पुढे केलं जातं. ती खूण शरीरावरची आहे, मनावरची नव्हे. नागपूरच्या एका शेतकऱ्याच्या पोटात तर जुळ्याचा अविकसित गर्भच 36 वर्षं होता; 1999 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तो काढला. त्याला सोसावी लागली ती 'गरोदर आहेस का' ही लोकांची थट्टा. आत जुळं आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

उशिरा गेलेल्या जुळ्याची गोष्ट वेगळी. दोघांची वार एकच असेल तर एकाच्या मृत्यूने दुसऱ्याचा रक्तदाब एकदम घसरून मेंदूला इजा होऊ शकते. पुढे मुलात काही अडचण दिसली तर ती न्यूरॉलॉजिस्टला दाखवायची, गूढ आठवण समजायची नाही.

मग खरा भार उरतो तो आईवडिलांवर. जुळ्यांवर आयुष्यभर काम केलेल्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ ब्रायन यांनी दाखवून दिलं की अशा आईला एकाच वेळी आनंद आणि शोक दोन्ही पेलावे लागतात, आणि भोवतालचे लोक शोकाला मुभाच देत नाहीत. आपल्याकडचं 'एक तरी राहिलं ना' हे वाक्य नेमकं तेच करतं. आयव्हीएफमध्ये तर जोडप्याने वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी 'दुसरं राहिलं नाही' एवढं सांगून पुढचा पेशंट बोलावू नये. ती आई का रडते हे घरच्यांना समजावून सांगावं. मुलाला पुढे ही गोष्ट सांगायची तर जरूर सांगा, मात्र त्याच्या हट्टाचं किंवा एकलकोंडेपणाचं खापर त्या न जन्मलेल्या भावंडावर फोडू नका.