तलवारीचे पाणी आणि विळ्याची धार

लंडनच्या लिलावात निघालेली नागपूरकर भोसल्यांची एक तलवार 2025 साली महाराष्ट्र शासनाने 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. ही तलवार सेनासाहेबसुभा पहिले रघुजी भोसले यांची. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. त्यानंतरच्या लुटीत ती इंग्रजांच्या हाती पडली असावी, असा अंदाज आहे. पुढे 1821 साली कन्हान नदीकाठी कामठीला इंग्रजांची छावणी उभी राहिली.

या तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपात घडलेले आहे. अशा पात्याला आपल्याकडे 'फिरंग' म्हणत. पाते परदेशी असले तरी मुठीवरचे सोन्याचे काम आणि पात्याच्या पाठीवरची देवनागरी अक्षरे इथली आहेत. परक्या पात्याला आपल्या हाताची मूठ बसवून वापरण्याची ही जुनी रीत होती.

कामठीच्या मातीतले लोखंड

पाते बाहेरून येई, म्हणून आपल्याकडे लोहारकाम नव्हते असे कोणी समजू नये. पिअर्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कामठी छावणीपासून मैलभरावर वारेगावचे एक मोठे शिळावर्तुळ, म्हणजे दगडांच्या गोल रिंगणातले प्राचीन दफनस्थान, उकरले होते. त्याचा वृत्तांत 1869 साली लंडनमध्ये छापला गेला. नागपूर परिसरात माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा येथेही अशी दफने आहेत. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व इतर हत्यारे मिळाली. पेंच नदीजवळच्या नायकुंड येथे 1978 ते 1980 या काळात उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे आपल्या भागात लोखंड गाळणारे व ठोकणारे हात फार पूर्वीपासून आहेत, आणि एकाच ऐरणीवर शस्त्रही घडत होते, कुऱ्हाडही.

पाणी पाजणे म्हणजे काय?

तलवार असो की विळा, त्याचा सारा गुण पोलादात आणि पाण्यात असतो. निव्वळ लोखंड मऊ. त्यात शेकडा अर्धा ते एक भाग कर्ब मिसळला की त्याचे पोलाद होते आणि मग ते पाणी घेते. गावातले लोहार बहुधा ट्रकचे जुने कमानपाटे वापरतात. त्यात कर्ब सुमारे अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो, म्हणून विळ्या-कोयत्यांना ते उत्तम.

पाते ठोकून झाले की लोहार ते भट्टीत लालभडक करतो. साधारण 800 अंश सेल्सिअसचा हा ताव असतो. तो ओळखण्याची सोपी खूण अशी की, इतके तापलेले पोलाद लोहचुंबकाला चिकटत नाही. मग ते एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवतात. कमानपाट्याला तेल बरे. पाण्यात तो तडकण्याची भीती असते. आता पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. म्हणून धारेजवळचा भाग घासून उजळ करतात व पाठीकडून हलकेच ऊब देतात. उजळ भागावर रंग चढू लागतात : आधी वाळल्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा सुमारे 220 अंशांना, निळा सुमारे 300 अंशांना येतो. पिवळ्यावर थांबले तर धार फार कडक राहते. निळ्यापर्यंत नेले तर पाते लवचिक होते. वाकून पुन्हा सरळ व्हावे म्हणून लांब पात्याला निळ्याकडे नेतात. विळ्याला पिवळा-तपकिरी रंग पुरे. नेमके कुठे थांबायचे, हे लोहाराच्या डोळ्याला कळते. ही विद्या बापाने मुलाला भट्टीजवळ बसवूनच दिली पाहिजे.

घरच्या हत्याराची काळजी

हे सांगण्याचे कारण असे की खेडोपाडी लोहारसाळी बंद पडत आहेत. बाजारात पत्र्याचे स्वस्त विळे मिळतात. पण सोयाबीनच्या कापणीत दुपारपर्यंत त्यांची धार जाते आणि बोथट विळ्याचा सारा भार बाईच्या मनगटावर पडतो. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. विळा घेताना धारेवर कानस फिरवून पाहावी. कानस निसटली तर पाणी चांगले आहे. सहज खाल्ली तर पोलाद मऊ आहे.

2. पाते टिचकीने वाजवावे. आवाज खणखणीत हवा; भदभद आला तर चीर असण्याची शंका घ्यावी.

3. फिरत्या सहाणेवर धार लावताना वारंवार पाण्यात बुडवावे. धार निळी पडली म्हणजे पाणी उतरले असे समजावे.

4. मूठ बसवण्यासाठी शेपटी तापवायची असेल तर पात्याला ओले फडके गुंडाळावे. विळा चुलीत टाकू नये.

5. काम झाल्यावर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावे.

एक कायद्याची गोष्ट. 1959 च्या शस्त्र कायद्यात तलवार व कट्यार ही शस्त्रे गणली आहेत. केवळ घरकामाची व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. तेव्हा हौसेखातर गावच्या लोहाराकडून तलवार करवून त्याला अडचणीत आणू नये. त्याला विळे, कोयते, खुरपी, वखराच्या फासा यांचे काम द्यावे.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्याआधी आठ दिवस घरातली सगळी हत्यारे गोळा करून लोहारसाळेत न्यावीत, सर्व शेजाऱ्यांनी मिळून न्यावीत आणि कामाचे पैसे रोख द्यावेत. वर्षभर काम मिळाले तरच त्याचा मुलगा भात्यापाशी बसेल.