सरपणाचा ओलावा मोजणारे मीटर घेताना



मिरग जवळ आला की सरपण भरून ठेवायची घाई होते. वखारीत लाकूड वजनावर मिळते आणि नेमके तिथेच आपण फसतो. दीड क्विंटल ओल्या लाकडात 50 किलो नुसते पाणी असू शकते. म्हणजे पाण्याचे पैसे द्यायचे आणि वर चुलीपुढे बसून धूर खायचा! ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता आधी त्यातले पाणी आटवण्यात जाते. जाळ मंद राहतो, सरपण जास्त लागते आणि धूर आपल्या डोळ्यांत, छातीत आणि जवळ खेळणाऱ्या लेकरांच्या श्वासात जातो.

सरपणातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे एक किलो कोरड्या लाकडामागे 200 ग्रॅमपेक्षा कमी पाणी. वरून हात लावून हे कळत नाही, कारण साल आणि टोके आधी वाळतात, गाभा ओलाच राहतो. तो मोजायला हातात मावणारे छोटे मीटर मिळते.

मीटर दोन प्रकारचे असतात. एकाला दोन सुया असतात. त्या लाकडात टोचल्या की बारीकशी वीज लाकडातून जाते. लाकूड ओले असेल तर ती सहज जाते, कोरडे असेल तर अडते. त्यावरून आकडा दिसतो. दुसरे बिनसुयांचे असते. ते महाग, आणि त्याला सपाट गुळगुळीत लाकूड लागते. फोडलेल्या सरपणाला ते नीट टेकतच नाही. म्हणून आपल्याला सुयांचेच बरे. साधे मीटर हजार-दीड हजाराच्या आसपास येते. गटात एक पुरते.

घेताना एवढे बघा. ते लाकडासाठीच आहे ना? मातीचे किंवा धान्याचे मीटर इथे चालत नाही. आकडे मोठे दिसतात का? सुया बदलता येतात का? बॅटरी गावच्या दुकानात मिळते का? पक्के बिल घ्या. 80 टक्क्यांपर्यंत दाखवते म्हणून जास्त पैसे देऊ नका. साधारण 30 च्या वर साध्या मीटरचा आकडा भरवशाचा नसतो. आपल्याला तर 20 च्या आत की बाहेर, एवढेच कळायला हवे.

मोजायची रीतही महत्त्वाची. सालीवर किंवा टोकाला टोचू नका. लाकूड मधोमध फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर, रेषांच्या दिशेने सुया दाबा. ढिगातली वरची, मधली आणि तळाची अशी तीन-चार लाकडे तपासा.

मीटर खरे सांगते का, हे घरच्या काट्यावर पडताळता येते. उन्हाळ्यात एक बारीक फोडलेले लाकूड उन्हात ठेवा आणि दर आठ दिवसांनी वजन करा. वजन घटायचे थांबले की ते वाळले. मग मीटरने 20 च्या बरेच खाली दाखवायला हवे. मीटर नसेल, तरी ही वजनाची युक्ती फुकट आहे.

यंदा गटाच्या बैठकीत हा विषय काढा. वखारीत जाताना मीटर सोबत न्या, लाकूड फोडून दाखवायला सांगा आणि आकडा बघूनच भाव ठरवा.