चढता दक्षिणद्वार, उतरता दक्षिणद्वार

दरवर्षी आषाढ-श्रावणाच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीच्या वृत्तपत्रांत नृसिंहवाडीविषयी दोन बातम्या येतात, आणि पुष्कळदा त्या एकाच दिवशी, एकाच पानावर, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. पहिली सांगते की श्रीदत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा संपन्न झाला असून भाविकांनी पर्वणीस्नानाचा लाभ घेतला. दुसरी सांगते की शिरोळ तालुक्यात पुराचा धोका वाढला असून नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, असे आवाहन प्रशासनाने केले आहे. पाणी तेच, दिवस तोच, फुटांचा हिशेबही तोच; मथळा तेवढा निराळा. वाचणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नाही, कारण एका बातमीचा दुसरीशी संबंध लावून पाहण्याची सवय आपण केव्हाच सोडून दिली आहे. मला मात्र फार दिवसांपासून असे वाटत आले आहे की या दोन मथळ्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत वाडीच्या माणसाचा पाण्याशी असलेला खरा व्यवहार आहे, आणि तो ना सोहळ्याच्या भाषेत पुरता मावतो, ना आपत्तीच्या.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनी कृष्णा-पंचगंगेच्या ज्या संगमावर बारा वर्षे वास्तव्य केले असे परंपरा मानते, तेथे औदुंबराखाली त्यांच्या मनोहर पादुका आहेत. मंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने आपल्या कन्येची गेलेली दृष्टी परत आल्यावर ते बांधवले आणि पैलतीरीची औरवाड व गौरवाड ही गावे पूजाअर्चेसाठी इनाम दिली, अशी कथा येथे सांगतात. इतिहासाच्या न्यायासनासमोर ती टिको वा न टिको, यवनी घडणीच्या मंदिरात वैदिक मंत्रघोष अखंड चालू आहे ही गोष्ट डोळ्यांना दिसतेच. हे मंदिर घाटावर, नदीला इतके लगटून आहे की पावसाळ्यात पाणी चढू लागले म्हणजे ते एकेक पायरी घेत मंडपात येते, उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या दारातून निघालेल्या पाण्यात स्नान करणे हे महत्पुण्य मानले जाते आणि त्याचेच नाव दक्षिणद्वार. ही अवस्था फार काळ टिकत नाही. पाणी थोडे कमी असले तर ते दारातून वाहत नाही, आणि थोडे अधिक चढले तर दारच बुडून जाते. तेव्हा या दोहोंच्या मध्ये जो काही हातभर पाण्याचा अवकाश मिळेल, मग तो मध्यरात्री का मिळेना, तेवढ्यात स्नान उरकावे लागते. पाणी ओसरताना तीच अवस्था पुन्हा एकदा येते. म्हणून चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार असे त्याचे दोन प्रकार.

आता हे पाणी येते कोठून? महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कराडला कोयना घेते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा घेते आणि वाडीला पंचगंगेस भेटते. म्हणजे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या पश्चिमेकडील डोंगरकड्यांवर पडलेला पाऊस अखेरीस या एका घाटासमोर हजेरी लावतो. त्यातून पंचगंगेचा उतार कोल्हापूरच्या खाली अतिशय मंद आणि वळणे फार. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला तिच्यात सहजी शिरता येत नाही, ती मागच्या मागे फुगते, आणि हा फुगवटा मळ्यांत, ओढ्यांत, गावांच्या वेशींत पसरतो. त्यामुळे येथला पूर डोंगरी नाल्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो चढतो, थांबतो, पुन्हा चढतो, आणि माणसाला विचार करण्यापुरती उसंत देतो. संकटाचा सोहळा करण्याची ऐपत वाडीला लाभली ती या मंदगतीमुळे, असे माझे मत आहे. ज्या नदीने रात्रीत गाव धुऊन नेले असते, तिच्या पाण्यात दाराशी उभे राहून स्नान करण्याची कल्पना कोणाला सुचली असती?

या उसंतीतून एक प्रकारचे ज्ञान निपजले. वाडीच्या पेढेवाल्याला पाण्याची पातळी फुटांत ठाऊक नसेल, परंतु ते कोणत्या पायरीवर आले म्हणजे खालच्या दुकानांतला खवा आणि कवठाच्या बर्फीची ताटे वर हलवायची, आणि कोठपर्यंत आले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात न्यायची वेळ होते, हे त्याला न विचारता समजते. घाटावर कानी पडलेले एक संभाषण मला अजून आठवते. कोणी पोरसवदा तरुण विचारत होता, "आप्पा, आज दक्षिणद्वार हुतंय काय?" आणि आप्पा पाण्याकडे न पाहता, पाण्यावरून वाहत आलेल्या काटक्यांकडे पाहत म्हणाले, "किस्ना चढलीया, पंचगंगा अजून अडून हाय. रातीला बघ." पाणी दाराला खरोखरच कधी लागले ते पाहायला मी थांबलो नाही, पण त्या उत्तरात जी निश्चिंती होती ती श्रद्धेची म्हणावी की अनुभवाची, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

आज तो तरुण आप्पांना विचारणार नाही. तो भ्रमणध्वनीवर पाहील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे दोन आकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहेत. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला म्हणजे १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येणार, असे दरवाजे सात, त्यांपैकी कितवा उघडला, कोयनेच्या १०५.२५ टीएमसीच्या साठ्यापैकी किती भरला आणि विसर्ग किती, ही आकडेवारी पावसाळ्यात पानाच्या ठेल्यापासून विवाहमंडपापर्यंत सर्वत्र चालते. कोल्हापूरकरांना पूर पाहायला जाण्याचा शौक जुनाच आहे. छत्र्या घेऊन, मुलाबाळांना घेऊन, हातात भाजलेले कणीस घेऊन पंचगंगेच्या घाटावर जायचे, शिवाजी पुलाच्या खुणेला पाणी टेकले की 'मच्छिंद्री झाली' म्हणून समाधानाने घरी परतायचे, हा जवळजवळ कुळाचार आहे. त्यात काही वावगे आहे असे मी मानत नाही. नदीकडे वर्षातून एकदा तरी आदराने पाहणारे शहर, उरलेले दहा महिने तिच्यात सांडपाणी सोडत असले तरीही, अगदीच कृतघ्न नव्हे.

परंतु पाहण्यापाहण्यात अंतर आहे. पूर्वी जो पूर पाहायला जाई तो परत येऊन शेजाऱ्याला सांगे, आणि सांगताना पाण्याबरोबर कोणाचा गोठा, कोणाचा ऊस, कोणाची विहीर बुडाली हेही ओघाने सांगावे लागे. आता ड्रोनच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रफितीत गोठा ओळखू येत नाही. दिसतो तो तांबूस पाण्याचा अथांग विस्तार, त्यावर एखाद्या चित्रपटगीताची धून, आणि खाली 'रौद्ररूप' असा ठरीव शब्द. दक्षिणद्वाराच्याही अशाच पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रफिती हजारोंनी फिरतात. पुण्या-मुंबईच्या भाविकाला त्या घरबसल्या दर्शन घडवतात हा त्यांचा गुण मी नाकारीत नाही. मात्र त्या पाहून निघालेली गर्दी पाणी चढत असताना अरुंद रस्त्याने वाडीत उतरू लागते, आणि गाव सोडू पाहणाऱ्यांची वाहने व गावात शिरू पाहणाऱ्यांची वाहने समोरासमोर येतात, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसाला वर सांगितलेल्या दोन्ही बातम्या एकाच शिट्टीत सांभाळाव्या लागतात.

जुन्या जाणतेपणाचेही गोडवे किती गावेत, याला मर्यादा आहे. २००५ च्या महापुराच्या खुणा नदीकाठच्या घरांवर लोकांनी जपून ठेवल्या होत्या, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा कित्येक कुटुंबे त्याच खुणेवर भिस्त ठेवून माळ्यावर बसून राहिली. पाणी त्या खुणेच्या कित्येक फूट वर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला, कोल्हापुरात दूध आणि पेट्रोल मिळेनासे झाले, आणि ८ ऑगस्टला कृष्णाकाठच्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे पायऱ्यांचे गणित त्या वर्षी चुकले. चुकायचेच होते, कारण नदी आता एकट्या पावसाच्या हुकमाने चालत नाही. पाऊस, धरणांचे विसर्ग, पात्रातली अतिक्रमणे, रस्त्यांचे आणि पुलांचे भराव, या सर्वांच्या एकत्रित कारभारातून आजचे पाणी निघते, आणि काटक्यांकडे पाहून त्याची वर्दी मिळत नाही.

कारभार म्हटला की दोष कोणाचा हा प्रश्न ओघानेच आला, आणि आमच्या भागात त्याचे उत्तर एका शब्दात तयार असते : अलमट्टी. कर्नाटकातल्या या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा त्या राज्याचा मनोदय आहे, आणि त्याविरुद्ध शिरोळ-सांगलीत मोर्चे निघतात. २०१९ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. तो अहवाल नदीकाठी कोणाला पटला नाही, आणि उंची वाढवण्याविषयीची भीती तर कोणत्याही अहवालाने मिटणारी नाही. यात शेतकऱ्याचे काही चुकते असे म्हणण्याचा अधिकार, ज्याचा एकही वाफा कधी बुडालेला नाही अशा माझ्यासारख्याला नाही. गंमत एवढीच की दक्षिणद्वाराच्या रांगेत उभे राहावे तर पुढेमागे कानडी ऐकू येते. श्रीगुरू वाडीहून गेले ते कर्नाटकातल्या गाणगापूरला, आणि तिकडचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या इकडे येतात. ज्या पाण्यावरून दोन सरकारे न्यायाधिकरणासमोर उभी राहतात, त्याच पाण्यात त्यांची प्रजा एकमेकांना हात देऊन पायरी उतरते. दूरचित्रवाणीच्या चर्चेत या हात देण्याला स्थान नसते. तेथे दोन चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येकीत एकाने ओरडायचे असते.

या दोन चौकटींचा अनुभव आमच्या तालुक्याने २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुराविनाही घेतला. येथून जवळच्या नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १६ जुलैचा, आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तिला निरोप देताना लोक धाय मोकलून रडले, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत हजारोंनी मूक पदयात्रा काढली, आणि ज्या उद्योगसमूहाशी ते केंद्र संबंधित, त्याच्या मोबाइल सेवेचे क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवण्याची जणू लाटच आली. देशभरच्या पडद्यांवर मात्र प्रश्न एकच : तुम्ही हत्तिणीच्या बाजूचे की मठाच्या? तीन दशकांहून अधिक काळ ज्या गावाने तिला घरच्या माणसासारखे वागवले त्या गावाची माया खरी होती; आणि साखळीत, सिमेंटच्या जमिनीवर उभे राहून हत्तीचे पाय दुखावतात हेही खरे होते. माया करणाऱ्याकडूनच इजा होऊ शकते, ही गोष्ट कोणत्याही घरातल्या वडीलधाऱ्याला नवी नाही. बातमीला ती सांगता येत नाही, कारण तिला प्रत्येक प्रसंगी कोणीतरी निव्वळ सज्जन आणि कोणीतरी निव्वळ दुर्जन हवा असतो.

तेच पाण्याचे. वाडीचा माणूस ज्या पाण्याला नमस्कार करतो, त्याच पाण्याच्या भीतीने पेटी माळ्यावर टाकतो, आणि या दोन कृतींमध्ये त्याला क्षणाचाही संकोच होत नाही. शहरी वाचकाला पहिली कृती भाबडी आणि दुसरी शहाणपणाची वाटते. मला विचाराल तर दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : नदी आपल्या मालकीची नाही आणि तिच्याशी वैरही परवडणारे नाही, तेव्हा तिची वहिवाट मान्य करून आपले बिऱ्हाड वर-खाली करीत राहावे.

चढत्या दक्षिणद्वाराला कॅमेरे येतात, उतरत्याला फारसे येत नाहीत, आणि गावाचे खरे काम तेव्हाच सुरू होते. पाणी उतरत असताना त्याच्याच बरोबर गाळ लोटून द्यावा लागतो. एक दिवस जरी आळस झाला तरी तो दगडासारखा बसतो आणि मग पहारीला दाद देत नाही. म्हणून पाणी पोटरीपर्यंत असतानाच झाडू, पाट्या आणि खराटे घेऊन माणसे मंडपात उतरतात. इकडे घरोघर पंचनामे सुरू होतात. २०१९ च्या पुरात निघालेल्या एका शासन निर्णयात मोफत गहू-तांदुळासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट होती आणि तिच्यावर सर्वत्र टीकेची झोड उठली, हे पुष्कळांना आठवत असेल. तेव्हापासून पाणी घरात किती दिवस होते, हा प्रश्न नदीकाठी जरा जपूनच विचारला जातो. वाडीतल्या एका आजींनी पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला त्याचे उत्तर दिले होते ते असे : "देव नारायणस्वामींत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला लागलं, आणि उतरत्या दक्षिणद्वाराच्या सकाळी गेलं बघा." तलाठी तालुक्यातलाच होता. त्याने बोटे मोजली आणि रकान्यात आकडा लिहिला.