नजरेआडच्या माणसाची बढती

शांघायच्या ‘सीट्रिप’ या प्रवास-आरक्षण कंपनीने २०१०च्या अखेरीस आपल्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग सुरू केला. शहरात ऑफिसच्या जागेचं भाडं चढत होतं आणि माणसं टिकत नव्हती. घरून काम करायला तयार असलेल्या २४९ कर्मचाऱ्यांचे दोन गट केले, तेही जन्मतारखेवरून. सम तारखेला जन्मलेल्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम तारखेच्यांनी रोज ऑफिसात यायचं.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचे आकडे तपासले. घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. पण त्याच आकड्यांत एक बोचणारी गोष्ट निघाली. सारखंच काम करणाऱ्या दोघांत घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी होती.

असं का होतं, हे पुण्याच्या कोणत्याही आयटीवाल्याला विचारावं. सहा जण हिंजवडीच्या मीटिंग रूममध्ये, सातवी सांगलीहून स्क्रीनवर. कॉल संपतो, लॅपटॉप मिटतात आणि खरी चर्चा खाली चहाच्या टपरीवर रंगते. नवा प्रोजेक्ट कोणाला द्यायचा, क्लायंटसमोर कोणी बोलायचं, हे तिथेच ठरून जातं. सांगलीतलीला ते दुसऱ्या दिवशी मेलवर कळतं. यात कोणाचा डाव नसतो. पण अप्रेझलला बसलेल्या टीम लीडला टपरीवरचे चेहरेच आधी आठवतात.

हजेरीचं वजन कधी उघडपणेही ठरतं. २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही, असं टीसीएसने २०२० साली म्हटलं होतं. त्याच कंपनीने २०२४मध्ये व्हेरिएबल पे हजेरीशी जोडला: ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर पूर्ण, ६० टक्क्यांच्या खाली असेल तर काहीच नाही. नियम लेखी आहे, ही जमेची बाजू. तरीही कामाचं मोल खुर्चीत बसलेल्या दिवसांवर ठरावं, हे पटत नाही.

ऑफिसात येणाऱ्यांचं गाऱ्हाणंही खोटं नाही. ऐनवेळी आलेलं काम समोर दिसणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, वर ट्रॅफिक आणि पेट्रोल त्याच्याच माथी.

पोर्तुगालने २०२२पासून लागू झालेल्या कायद्यात घरून काम करणाऱ्यांना बढती आणि प्रशिक्षणात समान हक्क दिले. घरून काम केल्यामुळे वाढणारा वीज-इंटरनेटचा खर्चही मालकावर टाकला. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात रजेनंतर घरून काम करण्याची वाट दिली, पण अटी परस्पर संमतीने ठरवायच्या. तान्ह्या बाळाची आई आणि कंपनी यांच्यात ही संमती बरोबरीची कशी असणार?

सीट्रिपने, म्हणजे आताच्या ‘ट्रिप डॉट कॉम’ने, पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी घरून काम फक्त बुधवारी आणि शुक्रवारी. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीत फरक पडला नाही. कोण किती दिवस घरून काम करतं आणि बढती कोणाला मिळाली, या दोन्ही याद्या प्रत्येक एचआर विभागाकडे असतात. त्या शेजारी ठेवून बघायला एक दुपार पुरते.