दुव्यांनाही वाळवी लागते

वाळवी, कसर, ओल आणि उंदीर हे ग्रंथपालाचे चार पिढीजात शत्रू. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षे काढल्यावर या चौघांची चाहूल मला लांबूनही लागते. डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, वर्षातून एकदा कपाटे रिकामी करून साफसफाई, असे त्यांच्यावरचे उपायही आम्हा मंडळींना ठाऊक आहेत. पण गेल्या काही वर्षांत एक पाचवा शत्रू आला आहे. तो भुसा पाडत नाही, वास सोडत नाही, कुरतडल्याची खूण ठेवत नाही. काल होते ते आज नसते, एवढेच! संगणकाच्या पडद्यावर ‘पान सापडले नाही’ अशी ओळ उमटते आणि समोर बसलेला विद्यार्थी आपल्याकडे पाहत राहतो.

लग्नसमारंभात भेटणारे नातेवाईक मला हमखास म्हणतात, ‘आता काय बुवा, सगळं इंटरनेटवर. तुम्हाला नुसतं बसायचं!’ त्यांचा दोष नाही. पुस्तकांचे ओझे दिसते, पासवर्डचे दिसत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी की, पूर्वी आम्ही एका इमारतीतला संग्रह सांभाळत होतो आणि आता त्याच्या जोडीला जगभर विखुरलेला, आपल्या मालकीचा नसलेला आणि रोज जागा बदलणारा दुसरा संग्रह सांभाळतो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आमच्याकडे लाकडी खणांतली कार्डेच होती. त्याआधी, १९९१ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालये एकमेकांना जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प सुरू केला होता. आज त्याचे केंद्र गांधीनगरला आहे. याच केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेने २०१०पासून साध्यासुध्या महाविद्यालयांनाही हजारो नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके नाममात्र वर्गणीत मिळवून दिली. तालुक्याच्या गावातली मुलगी महानगरातल्या मुलाच्याच तोडीचा लेख वाचू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून नव्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न आहे तो या नव्याची निगराणी करण्याचा.

विकत की भाड्याने?

छापील नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक घरी येत. वर्षअखेरीस त्यांची बांधणी होई आणि तो खंड कायमचा आपला. पुढच्या वर्षी पैसे नसले तरी मागचे कुणी काढून नेत नसे. ऑनलाइन नियतकालिकाचे तसे नाही. आपण पैसे भरतो ते बहुधा दार उघडे ठेवण्याचे. वर्गणी थांबली की मागच्या अंकांचे काय, हे करारातल्या एखाद्या कलमावर ठरते, आणि ते कलम बारीक अक्षरांत असते.

आमच्याकडे अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकाचे जुने खंड कापडी बांधणीत ओळीने उभे आहेत. नंतर छापील अंक बंद करून आम्ही ऑनलाइन वर्गणी घेतली. काही वर्षांनी अनुदान आटले, वर्गणी थांबली आणि त्या प्रकाशकाने मागची, पूर्ण पैसे भरलेली वर्षेही बंद केली. शेतीकर्जावर पीएच. डी. करणारे आमचे एक प्राध्यापक नेमका त्यांतलाच लेख मागायला आले. जुने खंड मी त्यांच्यापुढे ठेवू शकलो, नवी वर्षे ठेवू शकलो नाही. कपाट असे मध्येच तुटलेले पाहण्याची सवय ग्रंथपालाला नसते.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पाऊल मोठे आहे आणि स्वागतार्हही. मात्र इतक्या मोठ्या खर्चाच्या प्रत्येक करारात ‘मुदत संपल्यावर आमच्या हाती काय उरणार?’ हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

पत्ता बदलला की माणूस हरवतो

विकतच्या वाचनाची ही तऱ्हा. फुकटच्याची आणखी वेगळी. प्रत्येक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विषयवार उपयुक्त दुव्यांची यादी असते. जनगणनेचे तक्ते, समित्यांचे अहवाल, जुने नकाशे, शब्दकोश. ही यादी एकदा केली की झाले, असे संस्थाचालकांना वाटते. प्रत्यक्षात खाती आपली संकेतस्थळे नव्याने सजवतात आणि जुने पत्ते रातोरात बाद होतात.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांत दिलेले दुवे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१३च्या सुमारास तपासले, तेव्हा निम्म्या दुव्यांपाशी मूळचा मजकूर उरलेला नव्हता. ‘प्यू’ या संशोधन संस्थेने २०२४ साली सांगितले की, २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८मध्येच बजावले होते की, पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात.

यावर तोडगे आहेत. शोधनिबंधांना ‘डीओआय’ नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. माणसाने बिऱ्हाड बदलले तरी त्याचा आधार क्रमांक तोच राहतो, तसे हे. प्रकाशकाने आपल्या नव्या पत्त्याची नोंद केली की जुना क्रमांकच वाचकाला तेथे पोचवतो. दुसरा आधार ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा. १९९६पासून ही संस्था वेबपानांच्या प्रती जपून ठेवते आहे, आणि हवे ते पान कुणालाही तेथे जतन करता येते. आपल्या पूर्वजांनी पोथ्या टिकवल्या त्या नकला करून. एक पोथी जळाली तरी दुसऱ्या वाड्यात तिची नक्कल असे. तोच हा शहाणपणा.

मराठीचे वेगळेच दुखणे

मराठीची मात्र आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी जो तो आपापल्या फॉन्टमध्ये मराठी टंकलिखित करी. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा खिचडा दिसे. ‘शोधगंगा’ या भांडारात आज देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध खुले आहेत. पण त्यांतले जुन्या फॉन्टमधले किंवा नुसती छायाचित्रे काढून चढवलेले मराठी प्रबंध आतला शब्द टाकून शोधता येत नाहीत. संतसाहित्यावर कुणीतरी पाच वर्षे राबून लिहिलेला प्रबंध तेथे असतो आणि नसतोही! शीर्षक, विषय आणि सारांश युनिकोडमध्ये नीट भरले, तरी तो निदान सापडेल. हे काम यंत्र करत नाही. विषय समजणारा माणूस लागतो.

मग करणार कोण?

पुस्तकांची दरवर्षी पडताळणी होते. परिग्रहण नोंदवही आणि कपाट ताडून पाहतात. दुव्यांची पडताळणी मात्र कुठल्याही नियमात नाही. आम्ही ती दर सहा महिन्यांनी करतो. मेलेला दुवा काढायचा, हललेल्याचा नवा पत्ता शोधायचा, महत्त्वाच्या अहवालाची प्रत जतन करायची, आणि कोण काय वाचते याचे आकडे पाहून वर्गणीचा निर्णय घ्यायचा. काम कंटाळवाणे आहे, पण दोन माणसांच्या आठवड्याभराच्या मेहनतीत होते. ग्रंथपालाचे पदच रिकामे असलेली महाविद्यालये मात्र थोडीथोडकी नाहीत. तेथे ही यादी प्रवेशाच्या जाहिरातीपुरती उरते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले चौथे. ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे, हे पाचवे. सजीव म्हटले की निगा आलीच.

पुढच्या जून महिन्यात मुलामुलींच्या प्रवेशासाठी पालक महाविद्यालयांत जातील. इमारत, वसतिगृह, नोकरीची हमी यांची चौकशी होईलच. सोबत दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. येथे पूर्णवेळ ग्रंथपाल आहेत का? आणि ग्रंथालयाची ऑनलाइन नियतकालिके मुलांना सुटीत, घरी बसून उघडता येतात का? टाळेबंदीच्या २०२० सालात, केवळ महाविद्यालयाच्या आवारातूनच उघडणारी दारे गावी अडकलेल्या मुलांच्या किती उपयोगाची होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.